एक तारखेला मी का गेलो

११ फेब्रुवारी

पत्र आलं एकदाचं. दीड पानाचं पत्र, पण वाचायला सबंध सकाळ लागली, कारण दर दोन ओळींनी उठून मी घरात येरझाऱ्या घालत होतो. ही म्हणाली, "अहो, बसून वाचा. पत्र काही पळून जात नाही."

रेकॉर्ड ऑफिसातला बांधणी विभाग ३० सप्टेंबरला बंद झाला. आम्हा बाइंडरांची पदं रद्द झाली आणि काम कंत्राटदाराकडे गेलं. पद रद्द झालं की माणसाला पेन्शन आणि सरकारी इस्पितळाचं कार्ड मिळतं, असा नियमच आहे, म्हणून मी इतके महिने निर्धास्त होतो. आता साहेब लिहितात, आपण १ ऑक्टोबर रोजी कंत्राटदाराकडे रुजू झालात, म्हणजे आपली नोकरी गेलेली नाही, सबब आपणास काहीही देय नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. हो, गेलो होतो मी एक तारखेला. पण रुजू कसला होतोय! ३० तारखेला दुपारी जुन्या नोंदवह्यांचा एक गठ्ठा सरस लावून दाबात ठेवला होता. दाब म्हणजे आमचं ते लोखंडी चाकाचं यंत्र. ताजी बांधलेली पुस्तकं त्यात आवळून रात्रभर ठेवतात. आमच्या विभागाची पहिल्यापासूनची रीत आहे, ज्याने दाब आवळला त्यानेच तो सोडायचा. कुठल्या बाजूने किती आवळलंय ते त्याच्याच हाताला ठाऊक असतं. भलत्याने फिरवला की कणा वाकडा होतो आणि आठवड्याभराचं काम मातीत जातं. माझ्या आधीचा मुख्य बाइंडर मुलीच्या लग्नाच्या सकाळी नवे कपडे घालून आला होता, दाब सोडायला. आम्ही सगळे त्याला हसलो होतो, पण 'कशाला आलात' असं कुणीही विचारलं नव्हतं.

म्हणून गेलो. फाटकावर कंत्राटदाराचा नवा पहारेकरी. सही केल्याशिवाय आत सोडेना. केली सही. दाब सोडला. नवी माणसं खळ कशी शिजवायची, फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, कसे शिवायचे ते विचारायला लागली, त्यात संध्याकाळ झाली. निघताना पुन्हा सही. एवढंच घडलं.

एकालाही वाटलं नाही की या माणसाला बोलावून विचारावं, बाबा रे, का गेला होतास?

१४ फेब्रुवारी

हे इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय. ही आत मशीनवर आहे. हिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आठवड्यातून दोनदा आम्ही इथे असतो, आणि आता इथल्या पंख्यांपैकी कुठला कुरकुरतो तेही मला पाठ आहे. ही सिस्टरांना सांगत असते, "माझी दोन लग्नं झालीत. एक यांच्याशी, एक या मशीनशी. मशीन निदान वेळेवर सोडतं." सिस्टर हसतात. मीही हसतो, पण मला ते आवडत नाही.

आज खिडकीवरच्या कारकुनाने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. म्हणाला, "मार्चअखेरपर्यंत चालेल. पुढे निवृत्तीचं कार्ड लागेल." मी म्हटलं, येतंय. हिच्यासमोर दुसरं काय म्हणणार?

कार्ड नाही तर मशीन नाही, आणि मशीन नाही तर ही नाही. लिहून काढलं की गोष्ट कशी सरळ दिसते.

३ मार्च

मोफत सल्ला केंद्रातून एक वकीलबाई मिळाल्या. आमच्या पोरीच्या वयाच्या. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली कायद्याचं पुस्तक सरकवलेलं. पुस्तकाची बांधणी सुटत आली होती. ते बघूनच माझा धीर खचला, पण बाई हुशार निघाल्या. पत्र एकदाच वाचलं आणि बोट ठेवलं. "काका, यांनी तुम्हाला नोटीस दिली होती? बोलावलं होतं?"

"छे हो. तेच तर दुखणं आहे."

"मग याचिका करू. पण एक समजून घ्या. कोर्ट खात्याच्या खुर्चीत बसून पेन्शन देणार नाही. निर्णय बरोबर की चूक, यात ते सहसा शिरत नाही. निर्णय घेतला कसा, तेवढं बघतं. तुम्हाला बाजू मांडू दिली का, नियम पाळला का."

"म्हणजे खरं काय ते बघतच नाही?"

"ते खात्याने बघायचं."

"खात्यानेच तर हे केलंय!"

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जशी पोरगी बघते, मोबाइल शिकवताना. मी विचारलं, दाबाचं मी कोर्टात कधी सांगायचं? तर म्हणाल्या, "तुम्ही काही बोलायचं नाही काका. सगळं कागदावर जाईल." मी कागदावर सगळं सांगितलं. त्यांनी त्याचं अडीच ओळीत केलं.

२६ मार्च

मिळाला! अंतरिम आदेश मिळाला. याचिकेचा निकाल लागेपर्यंत इस्पितळाचं कार्ड चालू ठेवावं. पाच मिनिटांचं काम, आणि त्यासाठी आम्ही सकाळपासून भिंतीला टेकून उभे. न्यायमूर्तींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. न पाहोत. आदेशाच्या प्रतीवर कोर्टाचा शिक्का बघून खिडकीवरचा कारकून उठून उभा राहिला, ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पोरीला फोन केला. तिचं बाळंतपण तोंडावर आलंय आणि ती परगावी, तिला येता येत नाही. रडली. म्हणाली, "बाबा, तुम्ही किती खटपट करताय आईसाठी." मी म्हटलं, आईसाठी नाही तर कुणासाठी?

ही ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "दमलात. पडा जरा."

१० मे

खात्याचं प्रतिज्ञापत्र आलं. सोबत कंत्राटदाराचा दाखला. त्या दाखल्यानुसार मी १ ऑक्टोबरपासून आजतागायत त्यांच्याकडे बाइंडर म्हणून कामावर आहे! एक दिवस नव्हे, रोज. माझ्या नावाने पगार निघतोय, कामगार विम्याचा हप्ता भरला जातोय. घरात बसून मी एक नोकरी गमावली आणि दुसरी करतोय.

वकीलबाईंना म्हटलं, हे धडधडीत खोटं आहे, आता तरी बोलू द्या. त्या म्हणाल्या, "खोटं आहे हे मलाही कळतंय. पण कोण खरं, कोण खोटं हा वाद तिथे काढला तर म्हणतील, हे इथे नको, खालच्या कोर्टात जा, साक्षीपुरावे करा. त्यात वर्षं जातील. आपला मुद्दा एकच, तुम्हाला विचारलं नाही. त्यावरून हलायचं नाही."

मला विचारलं नाही, एवढं सांगायलासुद्धा मला तोंड उघडू देत नाहीत.

११ मे

सुतळीकडे गेलो. सुतळी आमच्याच विभागातला, माझ्या हाताखाली पंधरा वर्षं शिवण केलेला. अंगाने तसाच, म्हणून ते नाव. आता कंत्राटदाराचा सुपरवायझर झालाय. विभागात शिरलो तर सरसाचा वास नाही, नुसता प्लॅस्टिकच्या गोंदाचा. दाब कोपऱ्यात, वर डबे रचलेले. माझं भानच हरपलं. जे तोंडाला आलं ते बोललो. बाकीची माणसं खाली माना घालून चिकटवत बसली होती.

सुतळीने मला बाहेर नेलं. "दादा, हळू. करारात पाच बाइंडर लिहिलेत. आहेत चार. तुमची सही त्या दिवशीची होती, वरच्यांनी नाव तसंच चालू ठेवलं. मी काय करू?"

"माझ्या नावावर पगार खातायत ते!"

"खातायत. पण दादा, विम्याचा हप्ता भरलेला आहे. कार्ड निघतं तुमच्या नावाने. वहिनींचं नाव घालता येतं. डायलिसिस त्यात बसतं, मी चौकशी केलीय. रोज येऊन बसा इथे, काम करा, पगार तुम्हालाच देववतो. कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवता?"

म्हणजे बघा! त्यांच्या खोट्यावर मीच शिक्का मारायचा. मी म्हटलं, तुझ्या कार्डावर थुंकतो.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं, अगदी तावातावाने. वाटलं होतं, तीही चिडेल. ही भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "कार्ड कुणाचं आहे ते मशीनला कळत नाही हो."

मी असा काही ओरडलो की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. एकतीस वर्षं इमानाने नोकरी केली, आणि शेवटी खोटारडा म्हणून नाव लावून घेऊ? आणि हे सगळं कुणासाठी चाललंय? तिच्यासाठीच ना?

"हो," ती म्हणाली, "माझ्यासाठीच." पुन्हा तो विषय तिने काढला नाही. समजूतदार आहे, एकदा सांगितलं की पटतं तिला.

२३ जून

तारीख पडली. सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात होते.

९ जुलै

पुन्हा तारीख. या वेळी सरकारी वकील होते, न्यायमूर्ती नव्हते.

पोरीला मुलगा झाला. ही फोनवर तिला अंगाला काय लावायचं, कसं निजवायचं ते सांगत बसली. फोटो आला तो मोठा करून करून बघितला. मी म्हटलं, निकाल लागू दे, आपण दोघं जाऊ. ही म्हणाली, "तुम्ही जा. मला नाही वाटत मी जाईन." मशीनच्या दिवसांमुळे म्हणत असणार. तिकडेही मशीन असतं म्हटलं, कार्ड हातात आलं की कुठेही चालतं.

हल्ली ही माझ्या चपला घालून फिरते. मी ओरडलो तर म्हणते, मला त्या मऊ वाटतात. एवढ्या वर्षांत माझी एक वस्तू तिला आवडली म्हणायची!

६ ऑगस्ट

आज सुनावणी झाली. आमचा नंबर दुपारनंतर लागला. मी मागच्या बाकावर. समोर पंख्याखाली काळे झगे, त्यातून वकीलबाईंची बारीक आकृती, हातात माझी फाइल. सरकारी वकील म्हणाले, माणूस दुसऱ्याच दिवशी गेला, सही केली, दिवसभर काम केलं, सही केली. यात विचारायचं काय उरलं?

मोठे न्यायमूर्ती वकीलबाईंना म्हणाले, "खरंच, पद गेल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी कामावर कशाला जाईल?"

मी ताडकन उभा राहिलो. तोंडातून 'साहेब' एवढं निघालंही. शिपायाने बाहीला धरून खाली बसवलं, कानात म्हणाला, "आजोबा, बाहेर काढतील." सगळी उत्तरं घशाशी. चाक कसं फिरवायचं ते दाखवायला हातसुद्धा वर आलेले.

वकीलबाई म्हणाल्या, "माय लॉर्ड, हाच प्रश्न खात्याने यांना विचारायला हवा होता. तो विचारला नाही, एवढीच आमची तक्रार आहे."

न्यायमूर्ती किंचित हसले. काहीतरी लिहून घेतलं. निकाल राखून ठेवला.

बाहेर आल्यावर बाईंचा चेहरा खुललेला. "काका, जमलं बहुतेक." मी म्हटलं, पण त्यांना उत्तर तर कळलंच नाही. बाई म्हणाल्या, "त्यांना नकोच होतं ते." काय माणसं आहेत. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, कशाने ते सांगता येणार नाही.

२१ ऑगस्ट

जिंकलो!

घरी येईपर्यंत तीन वेळा रस्त्यात थांबून प्रत वाचली. एका दुकानदाराने विचारलं, आजोबा बरं वाटत नाही का? त्यालाही वाचून दाखवली. खात्याचा निर्णय रद्दबातल. अर्जदाराचं म्हणणं ऐकून न घेता घेतलेला निर्णय मनमानी आहे, असं स्वच्छ लिहिलंय. खात्याने अर्जदारास बोलावून, त्याचं म्हणणं ऐकून नव्याने निर्णय घ्यावा. याचिका निकाली. पुढे अंतरिम आदेशाविषयी एक ओळ आहे, ती नेहमीची असणार.

म्हणजे मला बोलावणार. खुर्ची देणार आणि विचारणार, एक तारखेला का गेलात? संध्याकाळभर मी हिला सांगून बघितलं, कुठून सुरुवात करायची. रीतीपासून की गठ्ठ्यापासून? ही पलंगावर उशांना टेकून ऐकत होती. "रीतीपासून," म्हणाली. "तुम्हाला ते छान सांगता येतं." मग हळूच विचारलं, "कार्डाचं काय लिहिलंय?"

मी म्हटलं, अगं, जिंकलो आपण!

२२ ऑगस्ट

कार्ड चाललं नाही.

ती ओळ. याचिका निकाली निघाल्याने अंतरिम आदेश संपुष्टात येत आहे. कारकुनाने ती ओळ पेन टेकवून दाखवली. वाईट माणूस नाही तो, त्याच्या कपाळावर घाम आला होता. "कोर्टाने कार्ड निकालापर्यंत चालू ठेवलं होतं काका. निकाल लागला."

"आमच्या बाजूने लागला!"

"बाजूचं इथे काही नाही. लागला."

मी हरलो असतो तरी हेच झालं असतं. मग मी नेमकं काय जिंकलो? ही पिशवीत चादर, औषधं, सगळं घेऊन आली होती. माझ्या दंडाला धरून म्हणाली, चला घरी. येताना जिन्यावर दोनदा बसली.

२४ ऑगस्ट

वकीलबाई काल-आज नुसत्या पळतायत. कार्डासाठी नवा अर्ज टाकलाय, पण तो ऐकणार कोण? आमचे न्यायमूर्ती तीन आठवडे बाहेर, दुसऱ्यांनी सांगितलं त्यांच्यापुढेच न्या. खात्याकडून सुनावणीची तारीख मिळाली, १५ सप्टेंबर. मी केंद्रात गेलो तर बाई डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "निकालाच्या वेळीच कार्डाची मुदत वाढवून मागायला हवी होती काका. चुकलं माझं." लेकीच्या वयाची पोर, काय बोलणार तिला? मीच पाणी आणून दिलं.

खासगी इस्पितळात आज एकदा मशीन झालं. हिच्या बांगड्या गेल्या. पुन्हा तिथे जायची आपली ऐपत नाही.

२७ ऑगस्ट

पाय हे एवढे सुजलेत. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहतो. काल-परवाचे नाहीत हे, माझ्याच लक्षात यायला उशीर झाला. तोंडही सुजलंय. पाणी घोटाघोटाने पिते तरी. आडवं पडलं की श्वास लागतो, म्हणून खुर्चीत बसवून ठेवलंय, मागे गादी गुंडाळून लावलीय. सरकारी इस्पितळाच्या तातडीच्या खोलीत नेलं, त्यांनी सुई टोचून परत पाठवलं. म्हणाले, औषधाने भागणार नाही, मशीन लागेल, कार्ड आणा.

देवा, मला काही सुचत नाही. सकाळी खात्यात गेलो, दारावरच्या शिपायाच्या पाया पडलो. खरंच पडलो. १५ तारखेच्या आधी वरचं कुणी भेटत नाही म्हणाला. मग कोर्टात गेलो आणि नुसता उभा राहिलो. इतकी माणसं, सगळ्यांच्या हातात फायली. ओरडावंसं वाटलं, पण कुणाकडे तोंड करून ओरडायचं?

२८ ऑगस्ट

सुतळी आला होता. मी त्याला बोलावलं नव्हतं, शप्पथ. दार हिनेच उघडलं, मला हाक न मारता, भिंतीला धरून धरून गेली. समोरची खुर्ची आधीच मोकळी करून ठेवलेली होती. बोलायलासुद्धा त्राण नाही, आणि त्याला म्हणते, "आलात? बसा."

त्याने पाकिटातून कार्ड काढलं. विम्याचं कार्ड, माझ्या नावाचं. खाली हिचं नाव, हिचा फोटो. तो फोटो त्यांनी कुठून पैदा केला कोण जाणे, आमच्या कपाटातल्यासारखाच दिसतो. या लोकांचे हात लांब असतात.

"दादा, चालू कार्ड आहे. उद्यापासून मशीन. फक्त इथे सही." एक कागद. मी १ ऑक्टोबरपासून सलग त्यांच्याकडे कामावर आहे, असं लिहिलेलं. "आणि साहेबांपुढे सुनावणीत वेगळं काही बोलू नका. वेगळं बोललात तर कार्ड त्याच दिवशी बंद होईल. माझीही नोकरी जाईल, पण ते सोडा."

मी हिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. तिच्या श्वासाचा आवाज सगळ्या खोलीत. त्या क्षणी ती म्हणाली असती ना, नका करू सही, तर काय केलं असतं मी? हा विचार मनात आला आणि माझी मलाच भीती वाटली.

सही केली. सुतळीने माझे पाय धरले. मी त्याला उठवलंही नाही.

२९ ऑगस्ट

मशीन झालं. संध्याकाळी ही आडवी होऊन झोपली, चक्क घोरली. मी शेजारी बसून ते घोरणं ऐकलं. याच्यावरून मी तिला किती छळलंय.

५ सप्टेंबर

कामावर जातोय. प्लॅस्टिकचा गोंद, पुठ्ठा, चिकटवा, फेका. माझी बोटं वळत नाहीत असल्या कामाला. बाकीचे माझ्याशी अदबीने वागतात, त्याचा जास्त त्रास होतो.

वकीलबाईंचा फोन आला. १५ ला सोबत येते म्हणाल्या, खूप उत्साहात होत्या. खात्यात नव्या बाई आल्यात, निकाल त्यांनी स्वतः मागवून वाचलाय, आपल्याला अनुकूल दिसतात. "आता सगळं मनमोकळं सांगा काका. यासाठीच तर लढलो." मी सांगितलं, तुम्ही येऊ नका, मी एकटा जातो. का, म्हणाल्या. मी फोन ठेवला. फार वाईट वागलो मी त्या पोरीशी.

१५ सप्टेंबर

गेलो. ज्या दारावर शिपायाच्या पाया पडलो होतो त्याच दारातून त्याच शिपायाने मला अदबीने आत नेलं.

नव्या बाई उठून उभ्या राहिल्या. मला खुर्ची दिली, चहा सांगितला. शेजारी टंकलेखक बसलेला. बाईंसमोर माझी फाइल, त्यात कागदाच्या खुणा घातलेल्या. सगळी वाचलेली दिसत होती. म्हणाल्या, "तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, त्याबद्दल मला वाईट वाटतं. आज सावकाश बोला. तुमच्या याचिकेत त्या यंत्राबद्दल अडीच ओळी आहेत, मला त्या पुरेशा कळल्या नाहीत. त्या एक तारखेला तुम्ही का गेला होतात?"

इतक्या साध्या सुरात विचारलं हो. सात महिने ज्या प्रश्नासाठी जीव टाकत होतो, तो असा चहाच्या कपाशेजारी येऊन बसला.

मी म्हटलं, "बाई, आधी एक विचारू? समजा तुम्हाला माझं पटलं, तर कार्ड कधी मिळेल?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "माझं मत मी आजच लिहीन. मग फाइल वित्त विभागाकडे. तीन-चार महिने धरा. जास्तही लागतील."

"तोवर काही चिठ्ठीबिठ्ठी? तात्पुरतं?"

"माझ्या हातात नाही ते. असतं तर दिलं असतं." मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाल्या, "का? घरी कुणी आजारी आहे?"

मी कप उचलला, पुन्हा ठेवला. टंकलेखक बोटं रोखून बसला होता.

"नोकरीला गेलो होतो," मी म्हटलं.

बाईंनी फाइलमधली एक खूण उघडली. "नीट आठवून सांगा. घाई नाही. तो गठ्ठा, ते यंत्र, तुम्हीच लिहून दिलं होतंत."

"ते वकिलांनी घातलं असेल. मी कंत्राटदाराकडे कामाला लागलो. तेव्हापासून तिथेच आहे."

"म्हणजे आधीच्या साहेबांनी लिहिलं ते बरोबर होतं?"

"हो."

टंकलेखकाने टाइप केलं. बाईंनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला. त्यांची निराशा झाली होती, आणि थोडा रागही आला असावा. कोर्टाचा एवढा वेळ घेणारा हा माणूस असा निघाला, असं वाटलं असेल. मला त्यांच्या जागी तेच वाटलं असतं. कागद पुढे आला. सही कुठे करायची ते शिपायाने बोट ठेवून दाखवलं. केली सही.

घरी आलो. ही दारातच उभी होती, बऱ्याच दिवसांनी स्वतःच्या चपला घातलेली. "काय झालं हो?"

"ऐकून घेतलं त्यांनी."

"सगळं?"

"सगळं. खुर्ची दिली, चहा दिला."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत गेली. बराच वेळ स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. पुढे तिने काही विचारलं नाही, तेच बरं झालं. उद्या मशीनचा दिवस आहे, लवकर निघायचंय.